फॉर्टी के ची चालू आवृत्ती की वन पेज रूल्स? सांगली-साताऱ्यासारख्या ठिकाणी ग्रुप काढायचा तर

टेबलावर छोट्या फिगरांची सैन्यं मांडून फाशांवर लढवायच्या खेळाचा ग्रुप साताऱ्यात पाच-सहा जण मिळून सुरू करतायत, तर वॉरहॅमर 40,000 (म्हणजे फॉर्टी के) ची चालू आवृत्ती धरायची का तशाच फिगरांनी खेळायचं वन पेज रूल्सचं ग्रिमडार्क फ्युचर, असं एकानं विचारलंय. आमच्या सांगलीत हा विषय होऊन गेलाय, त्यावरनं थोडं तोंड वाजवूनही झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फासे किती टाकायचे, इंच कुठनं मोजायचे ते तुम्हाला माहीत असेलच, ते सोडून देतो.

आधी एक गोष्ट. नेटवर जेवढ्या तुलना वाचाल त्या सगळ्या खेळ कुठला चांगला यावर असतात. मोठ्या शहरात ते ठीक आहे, तिथं नियम बदलले आणि चार जण वैतागून गेले तर सहा नवीन येतात. आपल्याकडं तसं नाही. आमच्यात वालचंदची पोरं आहेत, ती डिग्री झाली की पुण्याला जाणार हे ठरलेलं. मिरजेचे एक डॉक्टर आहेत, त्यांची रविवारची सुट्टी फक्त कागदावर. कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेले दोघं, शिफ्ट बघून येणारे. आणि तासगावचे दादा, द्राक्षबागवाले, ऑक्टोबर छाटणी लागली की जे गायब होतात ते मध्ये एखाद्या रविवारी उगवले तर उगवले, नाहीतर थेट माल गेल्यावर. ह्यातला एक माणूस गेला तर त्याच्या जागी दुसरा मिळत नाही ओ, जाहिरात देऊन पण मिळणार नाही. त्यामुळं मी तरी नियम चांगले का वाईट यापेक्षा ह्या माणसांना ते झेपतात का, एवढंच बघतो.

आता फॉर्टी के बद्दल. त्याला उगाच नावं ठेवणाऱ्यातला मी नाही, आम्ही सगळे त्यातूनच आलोय. दहावी आवृत्ती 2023 च्या जूनमध्ये आली तेव्हा मूळ नियम फुकट, सगळ्या सैन्यांची इंडेक्स कार्डं (त्यांच्या फिगरांचे आकडे आणि नियम) फुकट, आणि खरं सांगायचं तर आधीच्या आवृत्तीपेक्षा वाचायला सोपी. 2024 च्या डिसेंबरमध्ये रोज एक अशा नव्या डिटॅचमेंट (सैन्य कुठल्या ढंगानं लढणार त्याचे नियम) फुकट दिल्या, आमची पोरं रोज उठून आधी तेच बघायची. प्रत्येक सैन्याची चव वेगळी लागते, ऑर्क ऑर्कसारखेच अंगावर येतात आणि नेक्रॉन मेले तरी उठून बसतात. पुण्या-मुंबईला कुणाशी खेळायचं म्हणलं तर हाच खेळ सगळ्यांना येतो. शिकवायला यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ. हे सगळं वजनदार आहे, आणि तुमच्यातले निम्मे लोक पुण्याच्या टूर्नामेंटला जाणारे असतील तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

अडचण आहे ती पुढं. आठवी आवृत्ती 2017 ला, नववी 2020 ला, दहावी 2023 ला. तीन-तीन वर्षांचं गणित आहे, पुढचं तुम्हीच करा. आठवीला आणि दहावीला तर जुनी सगळी कोडेक्स पुस्तकं (एकेका सैन्याच्या नियमांची) एका झटक्यात बाद झाली. दहावीत सुद्धा, सैन्याचं नवं कोडेक्स आलं की ते फुकटचं इंडेक्स गेलं, मग कंपनीच्या ॲपमध्ये आपलं सैन्य उघडायला पुस्तकातला कोड पाहिजे. ज्याला पगार आहे तो घेतो, पोरं पीडीएफ कुठनंतरी मिळवतात, दादांसारखे लोक "तुमच्याकडं बघून सांगा की" म्हणतात, आणि मग एकाच टेबलावर तीन जणांकडं तीन वेगळे कागद.

आवृत्ती बदलली की ग्रुप फुटतात हे काय मी नवीन सांगत नाही. फॉर्टी के काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीनंच त्यांचं जुनं वॉरहॅमर फँटसी 2015 ला बंद करून एज ऑफ सिग्मार आणलं, फिगरखालचे चौकोनी बेस जाऊन गोल आले, आणि सुरुवातीला तर त्यात पॉइंटच नव्हते, म्हणजे दोघांची सैन्यं बरोबरीची आहेत का हे तुम्हीच अंदाजानं ठरवायचं. पॉइंट परत यायला 2016 ची जनरल्स हँडबुक यावी लागली. तोवर जगभरचे लोक पांगले, कुणी किंग्ज ऑफ वॉरला गेलं, कुणी नाइन्थ एजला, कुणी जुनीच आवृत्ती धरून बसलं, आणि 2024 ला त्या जुन्या फँटसीच्या जगातलंच ओल्ड वर्ल्ड आलं तेव्हा परत चौकोनी बेस. उलटं उदाहरण त्याच कंपनीच्या ब्लड बोलचं, फँटसी फुटबॉलचा खेळ. कंपनीचं लक्ष उडालेलं असताना खेळणाऱ्यांनीच लिव्हिंग रूलबुक (वेळोवेळी सुधारत गेलेलं नियमपुस्तक) धरून तो खेळ चालू ठेवला, 2016 ला त्याचा नवा बॉक्स आला तोपर्यंत लीगा जिवंत होत्या. लंडनात ग्रुप फुटला तर दोन ग्रुप होतात. आमच्यात फुटला असता तर एका बाजूला तीन आणि एका बाजूला दोन, म्हणजे कुणाचंच काही नाही.

पण आवृत्तीचं एक वेळ सहन होतं, तीन वर्षांनी एकदा तोंड वाकडं करायचं. मला खरं नको झालं ते पॉइंटच्या अपडेटनं. साधारण दर तीन महिन्यांनी पॉइंट बदलतात, पीडीएफ फुकट असते, तक्रार पैशाची नाहीच. तक्रार अशी की दहाव्या आवृत्तीत बंदुका-हत्यारांचे वेगळे पॉइंट काढून टाकले. युनिटला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या फिगरांच्या गटाला, एकच आकडा, आत काहीही लावा. ऐकायला झकास वाटतं. पण आता बघा काय होतं. दादा तासगावहून मोटारसायकलवर डबा बांधून येतात, फोमचे कप्पे स्वतः ब्लेडनं कापलेले, प्रत्येक फिगर आपापल्या खाचेत. लिस्ट, म्हणजे कुठली युनिटं उतरवणार ते, वहीत पेननं लिहिलेली, 1995 पॉइंट, मर्यादा 2000 ची. पोरातला एक जण ॲप काढतो आणि म्हणतो, "दादा, नवीन पॉइंटनं ही 2010 होतीय." दहा पॉइंट जास्त. आधीच्या आवृत्त्यांत अशा वेळी काय करायचो, एका सार्जंटची पॉवर फिस्ट काढली, एक प्लाझ्मा गन कमी केली, बसली लिस्ट. दहावीत काढायला सुटं काही नाहीच. एखादी एन्हान्समेंट (नायकाला पॉइंट मोजून द्यायची जादा ताकद) असेल तर ती काढा, नाहीतर अख्खं युनिट खाली ठेवा. दादांच्या लिस्टमध्ये एन्हान्समेंट नव्हती. म्हणजे दहा पॉइंटसाठी ऐंशी-नव्वदचं युनिट डब्यात परत, आणि मोकळ्या राहिलेल्या सत्तर-ऐंशीत घालायला त्यांनी घरनं दुसरं काही आणलेलं नाही, आणणार कुठनं, डबाच तेवढा.

तुम्ही म्हणाल, मित्रामित्रांत दहा पॉइंट सोडून द्यायचे. आम्ही सोडायचोच. पण मग पुढच्या वेळी दुसरा पंधरानं वर, तो म्हणतो त्यांना चाललं तर मला का नाही, मग पंचवीस, आणि एकदा का ह्यावर बोलणं सुरू झालं की पहिला फासा पडायलाच साडेअकरा. दादा तोंडानं काही बोलायचे नाहीत. फक्त यायचे कमी झाले, आणि फोन केला तर "बागेत काम आहे" म्हणायचे, जूनमध्ये सुद्धा. ज्याला रोज मोबाइलवर बदल वाचायला आवडतं त्याला हा खेळ धरून ठेवतो, आणि जो दोन महिन्यांनी येतो त्याला प्रत्येक वेळी नापास झाल्यागत वाटतं. चूक कुणाची म्हणता येत नाही, मोठ्या टूर्नामेंटसाठी पॉइंट सतत जुळवत राहणं गरजेचंच असेल. ती गरज आमची नव्हती एवढंच.

वन पेज रूल्सकडं आम्ही आलो ते असं. मूळ नियम फुकट, आर्मी बुकं फुकट, लिस्ट करायला आर्मी फोर्ज मोबाइलच्या ब्राउझरवरच चालतं. आपलं सैन्य त्यात वेगळ्या नावानं सापडतं, स्पेस मरीन म्हणजे बॅटल ब्रदर्स, टिरॅनिड म्हणजे एलियन हाइव्ह्ज, ओळखायला काही अवघड जात नाही. मारायला क्वालिटीचा फासा, वाचायला डिफेन्सचा, मधला वूंडचा (घाव बसला का ते बघायचा) फासाच नाही. आणि एकाचं एक युनिट, मग दुसऱ्याचं एक, असं आलटून-पालटून. फॉर्टी के मध्ये समोरच्याचा टर्न चालू असताना माणूस खाली जाऊन चहा घेऊन, भडंगाची पुडी घेऊन वर यायचा तरी त्याचा टर्न संपलेला नसायचा. इथं जागेवरनं उठता येत नाही. चार राउंडांत संपतं, दुपारच्या जेवणाला लोक घरी जातात, घरच्यांची कुरकुर कमी, हा फायदा कुठल्या रिव्ह्यूत लिहिलेला नसतो.

मुख्य म्हणजे हत्याराला वेगळे पॉइंट आहेत. लिस्ट पाच-दहानं वर गेली तर एखादा अपग्रेड काढला की बसते, वहीतच पेननं खोडायचं आणि सुरू. त्यांचे पण नियम बदलतात बरं का, व्हर्जन येत राहतात, आर्मी बुकं सुधारतात, आणि आर्मी फोर्जवर पॉइंट आपोआप बदललेले दिसतात, त्यामुळं ते अगदी स्थिर आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पीडीएफ उतरवून ठेवता येते. आम्ही सगळ्यांची बुकं एकदाच झेरॉक्सवाल्याकडनं काढून स्पायरल मारून घेतली, वर तारीख टाकली, आणि ग्रुपनं परत ठरवेपर्यंत हेच चालणार म्हणून सांगून टाकलं. सांगली तशी बुद्धिबळाची, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, आणि तिथं दहा वर्षांनी आलेल्या माणसाला घोडा आता कसा चालतो हे विचारावं लागत नाही. तेवढं आपल्याला जमणार नाही, पण एक वर्षाची शाश्वती सुद्धा पुष्कळ झाली.

कमी काय आहे ते पण सांगतो. चव पातळ आहे. स्पेशल रूल्स बरेचसे सगळ्यांना सामाईक, फिअरलेस, फ्युरिअस, टफ वगैरे, त्यामुळं शिकायला पटकन पण महिनाभरानं सैन्यं एकमेकांसारखी वाटायला लागतात. वालचंदच्या पोरांना हे फार टोचतं, लिस्टची जुळवाजुळव करण्यातच त्यांची निम्मी मजा असते, आणि ती मजा इथं उथळ आहे हे मला मान्य आहे. सात फिगरचं स्क्वॉड रंगवून ठेवलं असेल तर त्याचा प्रश्न पण इथं सुटत नाही, फॉर्टी के मध्ये सातला दहाचे पॉइंट भरावे लागतात आणि इथं युनिट ठरलेल्या आकड्याचंच, दोन जण दोन्हीकडं कपाटातच. आणि पुण्याला गेलात तर हा खेळ खेळणारा शोधावा लागेल.

फिगरचं मात्र सोपं होतं. कुठल्या पण चालतात, कंपनीच्या, रेझिन प्रिंटरवरच्या, कुणाच्या तरी जुन्या बॉक्समधल्या. बाहेरनं मागवायचं म्हणलं की कस्टमचा धसका असतोच, त्यामुळं आपल्याकडं नवीन माणूस आणायचा तर ही सवलत लहान नाही. टेबलाला प्लायचे दोन तुकडे, इमारतींना कुपवाडात लेझरवर कापलेला एमडीएफ आणि टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, ते दोन्ही खेळांना सारखंच.

मधला रस्ता म्हणून फॉर्टी के चाच छोटा प्रकार, कॉम्बॅट पॅट्रोल, आहे, एका बॉक्सची ठरलेली लिस्ट, पॉइंट नाहीतच, म्हणजे माझी मुख्य तक्रारच उडते. सगळे नवीन असाल आणि प्रत्येक जण एकेक बॉक्स घेणार असाल तर त्याचा विचार जरूर करा. आमच्याकडं सगळ्यांचा माल मिसळलेला, नेमका बॉक्स कुणाकडंच पुरा नाही, म्हणून जमलं नाही. फॉर्टी के च एका तारखेला गोठवायचं असं पण एकदा निघालं होतं, पण ॲप आपोआप पुढं जातं आणि पोरं ॲप बघितल्याशिवाय राहत नाहीत, त्यामुळं ते दोन रविवार पण टिकलं नसतं असं मला वाटतं.

सध्या आमचं असं चाललंय की महिन्यातला एक रविवार वन पेज, सगळ्यांसाठी, आणि पोरांचं फॉर्टी के त्यांचं ते हॉस्टेलवर नाहीतर बाकीच्या रविवारी, ताज्या पॉइंटनं. डॉक्टर दोन्हीकडं असतात, जमेल तसं. दादा यंदा छाटणीच्या आदल्या रविवारी पण आले होते. तुमच्याकडं साताऱ्यात सगळेच कॉलेजचे असतील तर माझं गणित उलटं पण पडू शकतं. नसतील, तर नियम ठरवायच्या आधी तुमच्यात सगळ्यात कमी येणारा कोण आहे त्याला फोन लावा, त्याच्या कपाटात काय आहे विचारा, आणि त्याची लिस्ट आधी बनवून बघा.