तुटीची मर्यादा की कर्जाचे प्रमाण?

केंद्र सरकारने अंथरूण पाहून पाय पसरावेत, यासाठी 2003 च्या कायद्याने राजकोषीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त होणारा आणि कर्जाने भागवावा लागणारा वर्षाचा खर्च, जीडीपीच्या (देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या) 3 टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले. दरवर्षी तपासता येणारा हा आकडा सामान्य नागरिकालाही कळतो, हे त्याचे बळ आहे. मात्र तो गाठण्यासाठी खर्च अर्थसंकल्पाबाहेर ढकलला जातो: भारतीय अन्न महामंडळाला अनुदानाची पूर्ण रक्कम न देता राष्ट्रीय अल्पबचत निधीतून (लोकांच्या अल्पबचतीच्या पैशांतून) कर्ज उचलायला लावले गेले, आणि ती थकबाकी चुकवण्याची वेळ आली तेव्हा 2020-21 च्या सुधारित अंदाजात अन्न अनुदान एकदम 4.22 लाख कोटी रुपयांवर गेले.

दुसरा मार्ग 2026-27 पासूनचा आहे, तो म्हणजे मार्च 2031 पर्यंत केंद्राचे कर्ज जीडीपीच्या सुमारे 50 टक्क्यांवर आणणे. यात महासाथीसारख्या संकटात हात मोकळे राहतात. पण महागाईमुळे जीडीपीचा आकडा फुगला तरी प्रमाण घटते, आणि खर्चाला शिस्त न लावताही यश मिरवता येते. 2025-26 च्या अंदाजपत्रकात व्याजासाठी 12.76 लाख कोटी, तर भांडवली खर्चासाठी (रस्ते, रेल्वे अशा टिकाऊ मालमत्तांसाठी) त्याहून कमी, 11.21 लाख कोटी रुपये होते. ही स्थिती पाहता कर्जाचे उद्दिष्ट मला अधिक योग्य वाटते, परंतु तुटीची वार्षिक मर्यादाही त्यासोबत बंधनकारक राहिलीच पाहिजे.