दोन वाजताची सही

गुहागरच्या बाजूला समुद्राकाठी वृद्धांसाठी एक खाजगी निवास आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. आई जानेवारीपासून तिथे आहे. वय ८४, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. महिना २२ हजार, डायपर आणि औषधं वेगळी.

आधी चांगलं. खोल्या स्वच्छ, जेवण घरच्यासारखं. सकाळी मऊ पेज, मासे असले तर काटे काढून देतात. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून मी भुललो होतो. आईला तो दिसतच नाही, ती पडून असते. जागा बघायला जाल तेव्हा समुद्र सोडा आणि रात्री किती माणसं असतात ते विचारा.

चतुर्थीत फोनवर आई म्हणाली, "रात्रीचं कोण येत नाय रे. हाका मारून घसा सुकतो." मॅनेजरबाई म्हणाल्या, "आजींना आठवत नाही, आम्ही दर दोन तासांनी कूस बदलतो, तक्ता आहे." गौरी गेल्यावर मी जाऊन थडकलो. आंघोळीच्या वेळी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी फिकट होईना. कातडी फुटली नव्हती, पण बेडसोरची सुरुवात अशीच होते.

मग तो तक्ता मागितला. मी ३१ वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, लॉगशीट वाचण्यात हयात गेली. खरी गाडी बरोब्बर दोनला कधी सुटत नाही. कधी १.५०, कधी २.२५. इथे पाच रात्री बारा, दोन, चार, सहा, एका मिनिटाचा फरक नाही, आणि सगळं एकाच निळ्या पेनाने. एका बसणीत भरलेलं.

तक्रार दोन प्रतींत लिहिली, एकीवर तारीख आणि शिक्का घेतला. त्यात भावना नव्हत्या, फक्त डाग, तारखा आणि एक मागणी: हजेरीपुस्तक तक्त्याशेजारी ठेवून बघा. शेजारचे म्हणत होते, प्रांताधिकाऱ्यांकडे जा. पण आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं तिथलं न्यायाधिकरण मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे, पैसे मोजून घेतलेल्या सेवेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन चांगली, पण ती सकाळी ८ ते रात्री ८. आमचं दुखणं रात्री दोनचं.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी मालक स्वतः आले आणि माझ्यासमोर पुस्तक उघडलं. रात्रपाळीच्या तीन मावश्यांपैकी दोघी गणपतीला गावी. उरलेली एकटी आणि माणसं अठरा. तक्त्यावर जिची सही, तिच्या नावापुढे त्या पाचही दिवशी लाल शाईत रजा! मालकांचा चेहरा पडला. सही मॅनेजरबाईंच्या सांगण्यावरून झाली हे त्यांनी कबूल केलं, मावशीवर ढकललं नाही. याचा एक तारा मी त्यांना देतो.

त्या मावश्यांचा मला राग नाही. चतुर्थीला कोकणातलं माणूस घरी जाणारच, आम्हीही दरवर्षी चाकरमान्यांसाठी ज्यादा गाड्या लावायचो. दर वर्षी येणाऱ्या सणाची सोय महिनाभर आधी करता आली नाही, राग त्याचा आहे. महिना २२ हजार घेता, मग बदली माणूस कुठाय?

आता तक्ता पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला असतो. हवेची गादी आली, डाग गेला. मागच्या शनिवारी न सांगता पहाटे साडेचारला गेलो. शेवटची नोंद ३.५०, त्याआधीची १.४०, शाई वेगळी. पाचपैकी तीन तारे. पुढच्या चतुर्थीला परत बघेन.

आईला विचारलं, आता कसं आहे? म्हणाली, "मेल्या रात्रभर झोपू देत नायत, सारख्या उलटवतात."