आठ महिने ओबीडी रीडर वापरल्यानंतर: सकाळचा काटा आणि एक खोटारडा सेन्सर

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. तक्रार एकच होती. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन पकडायचं, आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा हजाराला टेकायचा आणि लगेच पाचशेवर कोसळायचा. स्टेअरिंग हातात थरथरायचं आणि गाडी बंद. दुसऱ्यांदा सेल्फ मारून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून धरली, तर टिकायची. दोन-तीन किलोमीटर गेलं की अगदी शहाण्यासारखी वागायची. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असायचं, त्यामुळे तिथे काही दिसायचंच नाही.

प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करून झाली. तिसऱ्या फेरीला मेकॅनिक म्हणाले, "रेस थोडी वाढवून देतो, मग बंद पडणार नाही." आता या गाडीत थ्रॉटल मोटरवर उघडतो. रेस वाढवायचा स्क्रू कार्बोरेटरबरोबरच गेला. त्या दिवशी घरी येऊन ओबीडी रीडर मागवला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारी छोटी डबी.

पहिला आला तो दोन दिवसांत परत केला. दर मिनिटाला ब्लूटूथ तुटायचं आणि मोबाइलवर आरपीएमचा आकडा हलायचा तो काट्याच्या मागून, लंगडत. अशा रीडरमधल्या ईएलएम ३२७ या चिपच्या नकला खूप आहेत, आणि डबीवर छापलेल्या आवृत्तीच्या आकड्यावरून आत काय आहे ते कळत नाही. दुसरा बरा निघाला, तोच आजपर्यंत वापरतोय. डॅशबोर्डखाली स्टेअरिंगच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसवायचा. जोडण्याचं काम एवढंच.

खरी गंमत पहिल्याच सकाळी कळली. सेल्फ न मारता नुसती किल्ली ऑन केली आणि दोन आकडे शेजारी-शेजारी लावले. आत येणाऱ्या हवेचं तापमान १४ अंश, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) ४१. गाडी रात्रभर उघड्यावर, जवळजवळ दहा तास उभी. अशा वेळी दोन्ही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ असायला हवेत. बोनेट उघडून इंजिनाला हात लावला, तर लोखंड गारठलेलं. म्हणजे कूलंटचा सेन्सर सरळ खोटं बोलत होता.

त्याच्या या एका थापेने सगळं बिघडत होतं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थोडं थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटून बसतं, आणि ऑइल घट्ट असल्यामुळे इंजिन फिरवायलाही जोर लागतो. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, सुरुवातीला पेट्रोल जास्त सोडतो आणि आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं ती गती) वर धरतो. वर धरण्यामागे आणखी एक कारण आहे: सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धड काम करत नाही, त्याला लवकर तापवायचं असतं. पण किती पेट्रोल आणि किती रेस, हे ठरतं कूलंटच्या तापमानावरून. ४१ म्हटल्यावर ईसीयूला वाटायचं, इंजिन कोमट आहे, कशाला उधळपट्टी! आणि इकडे इंजिन उपाशी.

चेक इंजिनचा दिवा का लागला नाही? सेन्सरची वायर तुटली असती, तर उणे ४० सारखा अशक्य आकडा आला असता आणि दिवा लागला असता. ४१ हा आकडा दिसायला अगदी सभ्य. या गाडीच्या ईसीयूला त्यात वावगं वाटलं नाही.

सेन्सर दोन तारांचा, अंगठ्याएवढा. इंजिन पूर्ण गार असताना काढून नवा बसवला. थोडं कूलंट सांडलं, ते भरून घेतलं. दुसऱ्या सकाळी हवा १५, कूलंट १५. एका सेल्फला गाडी चालू, काटा १४०० वर, आणि मग कूलंट तापत जाईल तसा हळूहळू खाली. गरम झाल्यावर ७५० वर स्थिर. ही उतरंड पाहायला मी आठवडाभर रोज पाच मिनिटं उगाच गाडीत बसून राहायचो. त्याची काही गरज नसते. अर्धा-एक मिनिट थांबून सावकाश निघालं, तर इंजिन उभ्यापेक्षा लवकर तापतं.

पाचव्या महिन्यात वेगळंच सुरू झालं. आता गरम इंजिनावर काटा ७०० ते १००० असा झोके घ्यायला लागला आणि दिवाही लागला. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. अशा वेळी "ऑक्सिजन सेन्सर गेला" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के वाढ-घट करतोय तो आकडा, पाहिला: आयडलला अधिक १७ टक्के, २५०० आरपीएमला अधिक ३. आयडलला जास्त आणि रेस दिली की कमी, हे कुठून तरी चोरून हवा आत येत असल्याचं लक्षण. आयडलला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, म्हणून बारीकशी भेगही तिथे मोठी ठरते. मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडे) जाणारा क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) रबरी पाइप बोटांनी दाबला आणि काटा जागेवर आला. पाइपच्या वाकावर खालच्या बाजूने भेग होती, वरून दिसत नव्हती. पाइप बदलला. ट्रिम आता दोन-तीन टक्क्यांत खेळतो.

कोड म्हणजे तक्रार, कारण नव्हे. हे रीडर विकणारे सांगत नाहीत.

आता माझी चूक. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो, किल्ली काढली तरी. मी रीडर तसाच ठेवून बारा दिवस बाहेर गेलो. परत आलो तर नुसतं टिक-टिक. बॅटरी ११.३ व्होल्ट, जिथे चार्ज झालेली १२.६ च्या आसपास दाखवते. काढून चार्ज केली, तर ईसीयूने शिकलेलं आयडल पुसलं गेलं आणि पुढचे दोन दिवस सिग्नलला काटा भलतीकडेच. मग आपोआप सावरला. तेव्हापासून रीडर ग्लव्ह बॉक्समध्ये असतो.

एक गोष्ट मात्र रीडरमध्ये दिसत नाही. हल्ली रात्री फार गारठा पडला, की सेल्फ नेहमीपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त फिरवावा लागतो. तापमानं बरोबर, व्होल्टेज बरोबर. किल्ली ऑन करून पंपाचा बारीक घरघराट थांबू द्यायचा, ऑफ करायची, पुन्हा ऑन, आणि मग सेल्फ मारायचा, असं केलं की गाडी पटकन पकडते. म्हणजे रात्रीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय असा संशय आहे. या गाडीत त्या प्रेशरचा सेन्सरच नाही, तर रीडर दाखवणार काय! पुढच्या आठवड्यात गेज लावून बघायचं ठरलंय.