पिकअप घेताय? आधी खाली वाकून पाटे आणि हूक बघा

मावसभाऊ पिकअप घ्यायलाय. खानापूरला त्याचं मंडप-साउंडचं काम, सीझन नसला की रात्री बेळगावात भाजी भरायची आणि चोर्ला घाटानं गोव्याला, आणि गणपतीत चाकावरचा जनरेटर मागं जोडून गावोगाव. परवा विचारत होता, इसुझूची डी-मॅक्स घेऊ की महिंद्राची बोलेरो, टाटाची योद्धा यातली एखादी, ओढायला कुठली चांगली? आता भार वाहणं वेगळं आणि ओढणं वेगळं, पण शोरूममध्ये दोन्हीला उत्तर एकच, दणकट आहे की गाडी, बिनधास्त घ्या.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक ग्लोव्हबॉक्स उघडतात, जुन्या शेवरोले सिल्वराडोत तिथं एक स्टिकर असतो, त्यावर झेड ८२ असेल तर ट्रेलर ओढायचं पॅकेज, झेड ७१ असेल तर ऑफरोडचं सस्पेन्शन, संपला विषय. आपल्याकडं टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचं, कपडे मळले तर मळू देत.

पुढच्या चाकाजवळ बसा. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाड ॲक्सल गेलाय आणि दोन्हीकडं पाटे (वाकलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, तर ती रिजिड. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि मधे कॉइल स्प्रिंग दिसली तर दोन्ही चाकं आपापली हलणार, डी-मॅक्स एस-कॅबला असंच आहे, टोयोटाच्या हायलक्सलाही. (हायलक्स आपल्याच कर्नाटकात बिडदीला तयार होते, पण त्या किमतीत वांगी-कोबी कोण भरणार.) आर्म आहेत पण कॉइल नाही, आणि चेसीला लागून लांब दांडा मागं गेलाय, तर तो टॉर्शन बार, पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करतो. बोलेरो-योद्धात मात्र नावावरून काही ठरवू नका, जी गाडी घ्यायची तीच खालून बघा.

कॉइलवाली रिकामी परत येताना नाचत नाही, स्टेअरिंग हलकं राहतंय, जांबोटीच्या पुढं वळणावळणाच्या रस्त्यानं रात्रभर चालवणाऱ्याला सकाळी कंबर जाग्यावर असते. पण बॉल जॉइंट, बुश, अलाइनमेंट याचा खर्च ठरलेला. पुढं पाटे असलेली गाडी रिकामी असली की उड्या मारते, पण रोज खडी, वीट, सिमेंट असेल तर तीच घ्या, पाटा तुटला तरी हायवेवरचा कुठलाही मिस्त्री बदलून देतो.

मागं सगळ्यांनाच पाटे, त्यामुळं तिथं संख्या आणि जाडी बघायची. पातळ पाटे एकावर एक चिकटून असतील तर साधे, दोन-तीनच असतील, मधे जाड, टोकाला पातळ आणि एकमेकांत फट, तर पॅराबोलिक, यात घर्षण कमी म्हणून गाडी मऊ चालते. काही गाड्यांना जादा हेल्पर पाटे असतात, ते भार पडल्यावरच कामाला लागतात. आणि पाटे बघून पासिंग, म्हणजे किती भार भरायची परवानगी, ठरवू नका, आरसीवर एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरलं तेवढंच तुमचं, ड्रायव्हर-क्लीनर धरून. बोलेरोच्या नावातले १.३, १.७ हे आकडे टनातलेच, आणि २०२२ मध्ये आलेली योद्धा २.० दोन टनांची.

आपल्याकडं गाडी घेतली की आठवड्यात दोन जादा पाटे टाकायची पद्धत. मी याच्या विरोधात आहे. ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात, पासिंग वाढत नाही, ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. आणखी एक गोष्ट, जी मिस्त्री कधी सांगत नाही. काही पिकअपला मागच्या ॲक्सलपासून चेसीकडं एक छोटा दांडा जातो, तो भाराप्रमाणं मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचा. पाटे टाकून मागची बाजू उंच झाली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीला मागं ब्रेक कमी मिळतो, तोही चोर्ल्याच्या उतारावर. पाटे टाकलेच तर तो सेट करून घ्या.

आता ओढायचं. पुढं-मागं जो कडा असतो तो टोचनचा, गाडी चिखलात अडकली तर बाहेर काढायला, ट्रॉली लावायला नव्हे. खरा हिच म्हणजे चेसीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टनं बसवलेला आडवा बार, त्यावर वजन कोरलेली प्लेट, ५० मिलिमीटरचा बॉल किंवा पिनवाला जबडा, आणि ट्रॉलीच्या लायटीसाठी सात पिनांचं सॉकेट. मी जुन्या गाडीला एका वेल्डिंगवाल्याकडून बंपरलाच हूक मारून घेतला होता, दिसायला एकदम भारी, पण खानापूर रोडला स्पीडब्रेकरवर बंपरच बाहेर आला, सेफ्टी साखळी लावली होती म्हणून ट्रॉली रस्त्यावरच राहिली.

जनरेटर ट्रॉली धरून १,००० किलो असेल तर त्यातला साधारण दहावा भाग, म्हणजे १०० किलो हिचवर यायला पाहिजे. कमी आला तर ट्रॉली शेपटीसारखी डोलते, फार झाला तर पुढची चाकं हलकी होतात. हे १०० किलो पासिंगमधनंच जातात, आणि हिच ॲक्सलच्या मागं असल्यामुळं मागच्या पाट्यांवर त्याहून जास्त पडतं. युरोप-ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक लागतोच, घाट उतरायचा असेल तर आपणही तेच धरून चालावं. कंपनीला लेखी विचारा, या व्हेरियंटला ओढायचं वजन किती. लेखी देत नसतील तर ट्रॉलीचा विषय तिथंच सोडा. ट्रॉलीची आरटीओत नोंदणी वेगळी करावी लागते, तेही विसरू नका.

भावाला सांगितलं, तुझा जनरेटर वर्षात दहा-बारा दिवस आणि भाजी दीडशे रात्री, तर गाडी भाजीसाठी घे, पुढं कॉइलवाली. त्यावर म्हणतोय, मग जनरेटर हौद्यातच चढवून नेतो. वजन किती विचारलं तर म्हणाला, बघून सांगतो.