एकाच टीमवर दोन चाचण्या: व्हीआयए की क्लिफ्टन?

माणसांच्या चुका मोजत बसण्यापेक्षा त्यांना काय जमतं तिथून सुरुवात करायची, इथवर तुमचं ठरलं असेल तर पुढचा प्रश्न बहुधा हाच असणार: व्हीआयए घ्यावी की क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स? दोन्ही माणसाचे गुण क्रमानं लावून दाखवणाऱ्या चाचण्या. चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅच माझ्याकडे आहे. माणसं 11. आधी व्हीआयए केली, वर्षभरानं क्लिफ्टन.

आधी व्हीआयए का, तर ती फुकट. वरच्यांकडे बजेट मागायला नको, आणि पाठीशी नावंही भारदस्त: पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये मांडलेले 24 गुण. गॅलप या अमेरिकन कंपनीच्या क्लिफ्टनला माणशी पैसे पडतात. त्यात वाक्यांच्या 177 जोड्या आणि दर जोडीला फक्त 20 सेकंद. आमच्या पोरांनी ती इंग्रजीतून दिली. अर्थ लागेपर्यंत पुढची जोडी हजर. त्यामुळे तिचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मी मानत नाही.

स्वतःपुरतं म्हणाल तर मला व्हीआयएच जास्त भावली. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या अभ्यासात एक साधा प्रयोग होता. आपल्या वरच्या गुणांपैकी एक आठवडाभर रोज नव्या तऱ्हेनं वापरायचा. त्यानं वाढलेला आनंद सहा महिन्यांनीही टिकलेला आढळला. माझा पहिला गुण कुतूहल निघाला. मी रोज एका ट्रकवाल्याशी गप्पा मारल्या, आणि आमच्या गेटवर गाड्या का तुंबतात हे पाच वर्षांत न उमगलेलं कोडं चार दिवसांत सुटलं. (वजनकाट्याच्या पावतीसाठी दोनदा रांग लावावी लागायची.)

मग टीमला दिली, आणि तिथे मी माती खाल्ली. मोफत निकालातही 24 च्या 24 गुण क्रमानं येतात. बोलायला विषय मिळेल म्हणून मी सगळ्यांच्या याद्या छापून फळ्यावर लावल्या. विषय मिळालाच. आमचे स्टोअरकीपर काका, 26 वर्षं नोकरी, आणि त्यांच्या यादीत प्रामाणिकपणा 21वा. ‘काका, आज स्टॉक नीट मोजा हं,’ कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, काकाही हसले. दुपारी त्यांनी स्टोअरच्या किल्ल्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या.

यादीत खाली असणं म्हणजे दोष नव्हे, असं व्हीआयएवाले स्वतःच सांगतात. मीही काकांना सांगितलं. पण ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावरच्या ‘वर्तणूक’ रकान्यासारखा वाचला जातो. तिथे 21वा नंबर म्हणजे काय, हे कुणाला समजावणार? दोन दिवसांनी उलगडा झाला. दिलेला शब्द पाळतो, खरं तेच बोलतो, अशा धर्तीच्या वाक्यांपुढे बाकीच्यांनी डोळे मिटून पूर्ण मार्क दिले होते. काका थांबून विचार करत बसले. ‘मुलीला सायकल कबूल केली होती, नाही घेता आली. मग कसं लिहू?’ प्रत्येक ठिकाणी एकेक आकडा कमी. सगळ्यांत खरी उत्तरं देणारा माणूस प्रामाणिकपणात तळाला गेला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 54 देशांच्या अभ्यासात हा गुण लोकांच्या वरच्या गुणांत होता. आता तो वर का येत असावा, याची मला थोडी शंका येते.

क्लिफ्टनमध्ये हा त्रास झाला नाही. तिथे गुणांना थीम म्हणतात. ‘कमांड’, म्हणजे सूत्रं हातात घेणं, 31व्या नंबरवर असलं तरी कुणाची मान खाली जात नाही. शिवाय साध्या अहवालात 34 पैकी वरच्या पाचच थीम दिसतात. बाकीच्या पाहायच्या तर जादा पैसे. हा गॅलपचा धंदा, पण आमच्या पथ्यावर पडला.

आमचा प्लॅनर मला घोळ घालणारा वाटायचा. त्याची पहिली थीम निघाली ‘डेलिबरेटिव्ह’, म्हणजे दहादा तपासून पाऊल टाकणारा. एक्स्पोर्टच्या पेट्या सील होण्याआधीची शेवटची तपासणी त्याच्याकडे दिली. दुसरा एक पोरगा ‘रिस्टोरेटिव्ह’, बिघाड दिसला की खूश. त्याला रिजेक्शनच्या तक्रारी दिल्या. परत येणारा माल कमी झालाय असं मला वाटतं. हिशोब मांडलेला नाही. अर्थात लेबलांची सबबही होते. ‘मी वू नाही सर, ट्रान्सपोर्टरला फोन त्याला करू दे,’ हे आठवड्यातून एकदा ऐकतोच. (‘वू’ म्हणजे अनोळखी माणसाला पटकन आपलंसं करण्याची थीम.)

कोणतीही घेतलीत तरी ट्रेनर तुम्हाला ‘एका टीकेला तीन कौतुकं’ हे गणित ऐकवण्याची शक्यता आहे. ते 2005 च्या निबंधातल्या 2.9 या आकड्यावरून आलेलं. 2013 मध्ये त्यामागचं गणित पार मोडीत निघालं.

टीम लहान असेल, पैसे निघत नसतील, तर व्हीआयए चालेल. फक्त यादी ज्याची त्याच्या खिशात राहू द्या. बजेट मिळत असेल तर मी आपला क्लिफ्टनकडे झुकेन. माझा अनुभव दहाच निकालांवरचा आहे, हेही धरा. अकरावा निकाल नाही, कारण काकांनी दुसरी चाचणी दिली नाही. ‘एकदा नापास झालो साहेब, तेवढं पुरे.’