भाजलेल्या जखमेवर चांदी: मलम घ्यावं की ड्रेसिंग?

मेडिकलमध्ये ‘भाजल्यावरचं मलम’ मागितलं की बहुतेकदा पांढरी ट्यूब हातात पडते: १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन. १९६८ पासून हे मलम वापरात आहे. स्वस्त आहे, कुठेही मिळतं, जंतूंनाही रोखतं. पण त्याची खरी किंमत ट्यूबवर छापलेली नसते. दीड मिलिमीटर जाड थर, दिवसातून एकदा-दोनदा, आणि दर वेळी आधीचा थर धुऊन काढायचा. म्हणजे दर वेळी नव्याने कळा. शिवाय काही दिवसांत जखमेवर पिवळट-करडा पापुद्रा धरतो. तो तसाच ठेवला तर खाली काय चाललंय ते दिसत नाही, खरवडला तर कोवळी त्वचाही सोबत येते. फोड आलेली वरवरची जखम या मलमाने उलट उशिरा भरते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, दिवस भरत आलेले असतील किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, तर ते लावायचंच नाही.

ड्रेसिंग महाग वाटतं, पण ते किती दिवस टिकतं तेही मोजा. अ‍ॅक्टिकोट या ड्रेसिंगमध्ये नॅनोक्रिस्टलाइन, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांची चांदी असते. साधा प्रकार तीन दिवस चालतो, ‘७’ लिहिलेला सात दिवस. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ते सलाइनने भिजवणं. सलाइनमधलं क्लोराइड चांदीला धरून न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड बनवतं आणि ड्रेसिंग आपलं काम नीट करत नाही. त्यासाठी स्टराइल वॉटरच हवं. ओलसर ठेवायचं, निथळतं नाही. नाहीतर कडेची चांगली कातडी पांढरी पडून भिजते. तेलकट मलमं त्याखाली नकोत. एमआरआयच्या आधी काढायचं. त्वचेवर करडे डाग पडले तर घाबरू नका.

लस वाहणाऱ्या, मध्यम खोलीच्या जखमेला आमची पसंती अ‍ॅक्वासेल एजी. १.२ टक्के चांदी असलेली ही शीट कोरडीच लावतात, लस शोषून ती जेलसारखी होते. जखमेच्या चारी बाजूंनी पाचेक सेंटीमीटर जास्त घ्या, कारण ओली झाली की ती आक्रसते. नीट चिकटली तर १४ दिवसांपर्यंत राहू शकते. खालची त्वचा भरते तशी कड आपोआप सुटते, सुटलेला भाग फक्त कात्रीने कापायचा. ओढायचा नाही. मात्र गुडघ्या-कोपरावर ती वाळून कडक होते आणि हालचालीने तडकते. तिथे सिलिकॉन फोमचं मेपिलेक्स एजी बरं: सात दिवसांपर्यंत चालतं आणि काढताना फारसं दुखत नाही, म्हणून मुलांनाही सोयीचं. काळी-पांढरी, कोरडी, न दुखणारी जखम खोल असते; तिला यातलं काहीच पुरणार नाही, शस्त्रक्रिया लागते.

घाई मात्र कशाचीच नको. आधी २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही नको. डॉक्टरांनी जखम पाहण्याआधी पांढरं मलम थापलं तर खोली ओळखणं अवघड होतं. तोवर स्वच्छ प्लॅस्टिक रॅप पुरे. स्वच्छ, उथळ जखमेला तर साधी व्हॅसलीन गॉजही चालते, चांदीवर पैसे घालवू नका. ड्रेसिंगखालून दुर्गंधी आली, कडेची लाली पसरली किंवा ताप चढला, तर डब्यावरचे सात-चौदा दिवस विसरून त्याच दिवशी उघडून घ्या.