पावती कोणाच्या नावावर? वेबसाइटवाल्याने आमच्या मसाल्याचे १ लाख ३३ हजार कसे नेले

आधीच सांगते, लांबलंय. पण ज्यांना घरचा मसाला, लोणची, कानातली, साड्या असलं काही ऑनलाइन विकायचंय आणि कोणीतरी "ओळखीतला मुलगा आहे, सगळं करून देतो" म्हणालंय, त्यांनी वाचाच.

आम्ही लालबागचे. ८२ च्या संपानंतर सासऱ्यांची गिरणी सुटली तेव्हापासून सासूबाई मालवणी मसाला करून विकतायत. आधी फक्त चाळीत, मग चाळीतली माणसं एकेक करून डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली पण मसाला आमचाच न्यायची. मार्च ते मे आमचा सीझन, मिरची गल्लीतून बेडगी, संकेश्वरी आणायची, गच्चीवर वाळवायची, देठं काढायची, भाजायचं, कुटून आणायचं, घरात त्या तीन महिन्यांत कोणी न शिंकता जेवत नाही. लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲपवर ऑर्डरी इतक्या वाढल्या की कोणी पैसे दिले कोणी नाही हिशोबच लागेना, म्हणून २०२३ च्या जानेवारीत ठरवलं की वेबसाइटच करू.

भिशीतल्या मैत्रिणीने नंबर दिला. मुलगा घरी आला, पाठीला सॅक, बोलायला एकदम गोड, आल्या आल्या आईंच्या पाया पडला. मी अर्धी तिथेच विरघळले. कोथिंबीर वडी खाता खाता त्याने लॅपटॉपवर चार वेबसाइट दाखवल्या (त्या त्यानेच केल्यात का हे विचारायचं मला सुचलं नाही) आणि हिशोब सांगितला. डिझाइनचे १८,०००, एसएसएलचे (वेबसाइटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाचे) ४,५००, आणि "पीसीआय पेमेंट सिक्युरिटी" (कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेचे नियम) म्हणून ५,५००. एकूण २८,०००. डोमेन (वेबसाइटचा पत्ता), होस्टिंग (साइट जिथे ठेवतात ती जागा), पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन दुकानदाराच्या खात्यात पोचवणारी कंपनी) "सगळं मी बघतो ताई, तुम्ही फक्त मसाला बघा". हे वाक्य मला इतकं आवडलं की मी दोन जणींना फोन करून ऐकवलं.

फेब्रुवारीत वेबसाइट सुरू झाली. दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पत्त्याच्या बाजूला कुलूप दिसायचं. पीसीआयचं एक रंगीत सर्टिफिकेट त्याने लॅमिनेट करून दिलं, ते आम्ही गणपतीच्या फोटोशेजारी लावलं, आता हसू येतं. मध्येच म्हणाला अजून ३,००० द्या, गिऱ्हाइकाचं कार्ड आपल्याच साइटवर सेव्ह होईल, परत परत नंबर टाकायला नको. ते नशिबाने मी केलं नाही, पैसे नव्हते म्हणून. नंतर कळलं की १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवताच येत नाही, नंबराच्या जागी टोकन, म्हणजे दुसराच एक कोड असतो. म्हणजे हा जी सोय विकत होता ती नियमाच्या बाहेरच होती.

आता मुख्य गोष्ट. गेटवेसाठी त्याने माझं पॅन, आधार, कॅन्सल्ड चेक सगळं नेलं, आणि आठवड्याने म्हणाला की केवायसीला वेळ लागतोय, सीझन तोंडावर आलाय, तोपर्यंत माझ्या गेटवे अकाउंटवर चालवू, दर सोमवारी मी तुम्हाला पैसे पाठवतो, ४ टक्के चार्ज कापून. मी हो म्हटलं. हेच ते "हो". 

आणि सोमवारी पैसे यायचे बरं का! १० एप्रिलपर्यंत वेळच्या वेळी, मिळून ६१,०००. त्यामुळेच तर विश्वास बसला. ठाण्याच्या एका काकूंनी फोन करून सांगितलं होतं, "अगं पैसे भरताना भलत्याच कोणाचं तरी नाव येतंय, बरोबर आहे ना?" मी म्हटलं हो हो काकू, ते आमचे टेक्निकलवाले. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतंय, ते आमचं नाही, आणि मीच तिला समजावतेय की बिनधास्त भर.

१० तारखेनंतर सुरू झालं, सेटलमेंट होल्डवर आहे, बँकेला सुट्टी आहे, रिझर्व्ह बँकेचा नवीन नियम आलाय. गेटवेमधून पैसे साधारण दोन-तीन कामाच्या दिवसांत खात्यात येतात हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं असेल काहीतरी. इकडे ऑर्डरी पडत होत्या, वेबसाइटवर पेड दिसत होतं, आम्ही पॅकिंग करून कुरिअर करत होतो, कुरिअरचे पैसे पण आमच्याच खिशातून.

अक्षय तृतीयेला माझा भाचा जेवायला आला, इंजिनिअरिंगला आहे. कौतुकाने त्याला वेबसाइट दाखवली. त्याने कुलपावर टिचकी मारली, काहीतरी वाचलं आणि विचारलं, "मावशी, याचे किती घेतले?" म्हटलं साडेचार हजार. "अगं हे लेट्स एनक्रिप्टचं आहे, हे फुकट असतं." लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा संस्था आहे, २०१५ पासून कोणालाही फुकट सर्टिफिकेट देते, थोड्या दिवसांचंच असतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप रिन्यू होतं. आणि त्या कुलपाचा अर्थ एवढाच की गिऱ्हाईक आणि वेबसाइट यांच्यामधलं बोलणं वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. वेबसाइटवाला माणूस चोर आहे की साव हे कुलूप सांगत नाही, चोराच्या साइटला पण तेच कुलूप लागतं. पीसीआयचं पण तसंच. गिऱ्हाईक कार्डाचा नंबर गेटवेच्याच पानावर टाकत असेल तर आपल्यासारख्या छोट्या दुकानाला साधारणपणे एक प्रश्नावली स्वतः भरायची असते, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट कुठून आलं देव जाणे.

मग भाचा म्हणाला डोमेनचं लॉगिन दे. नाही. होस्टिंगचं? नाही. गेटवेचं? तेही नाही. पोरगं गप्प झालं. आतून पुरणपोळी लाटता लाटता आईंनी विचारलं, "पावती कोणाच्या नावार असा गो?"

चाळीत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. खोली पागडीची असो, तुम्ही तिथे तीस वर्षं राहा, रंग काढा, पोटमाळा घाला, भाड्याची पावती ज्याच्या नावाने फाटते खोली त्याची. आमच्या मजल्यावर दोन सख्खे भाऊ यावरून अजून कोर्टात आहेत. आईंना इंटरनेटमधलं काही कळत नाही पण त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं, आणि मी ग्रॅज्युएट बाई, तीन महिने त्या मुलाला ताई ताई करू देत बसले होते.

त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला, सगळी लॉगिनं दे म्हटलं. तर म्हणतो, "ताई, विश्वास नाही का माझ्यावर?" आणि मी, काय सांगू, मी ओशाळले. म्हटलं तसं नाही रे, सहज विचारलं. भाच्याने तेव्हा सांगितलं होतं की आजच साइट बंद कर, निदान ऑर्डरी लिहून काढ. मला वाटलं सीझन आहे, भांडण कशाला. 

९ मेला सकाळी वेबसाइट उघडली तर पांढरं पान, अकाउंट सस्पेंडेड. त्याचा फोन बंद. ऑर्डरीचे मेल यायचे तो मेल आयडी पण त्याच होस्टिंगवर, तोही गेला. मी वहीत उतरवलेल्या ऑर्डरी होत्या २१२, त्यांचे १ लाख ९४ हजार, त्यातले ६१ मिळालेले. बाकी १ लाख ३३ हजार. शिवाय शेवटच्या दोन दिवसांतल्या ऑर्डरी, ज्यांचे पत्तेच आमच्याकडे नाहीत, त्या लोकांनी पैसे भरलेत आणि ते मला फोन करून शिव्या घालतायत. बरोबरच आहे त्यांचं.

१९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला ११ तारखेला, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे कळलं की १९३० चा खरा उपयोग लगेच फोन केला तर, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत अडवता आले तर. आमचे पैसे महिनाभर निवांत जात होते आणि ते आम्हीच जाऊ देत होतो. चौकीत पहिला प्रश्न, ॲग्रीमेंट आहे का? नाही. बिल? नाही. मी सगळं तोंडी केलेलं. कामी आलं काय तर व्हॉट्सॲपचं चॅट, "माझ्या अकाउंटवर चालवू, सोमवारी पाठवतो" हे त्याने लिहिलेलं होतं, म्हणून निदान अर्ज घेतला. गेटवेवाल्यांना मेल केला तर उत्तर आलं की खातेदार तुम्ही नाही, त्यामुळे त्या खात्याची माहिती देता येत नाही. पावती कोणाच्या नावावर, परत तेच.

ज्यांनी क्रेडिट कार्डाने भरलं होतं आणि माल मिळाला नव्हता त्यांनी बँकेत चार्जबॅकची (कार्डाने भरलेले पैसे परत मागायची) तक्रार केली, त्यातल्या काहींना पैसे परत मिळाले. मला आजपर्यंत एक रुपया नाही.

आणि सगळ्यात वाईट पुढे झालं. जूनमध्ये आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन यायला लागले, "मसाल्याच्या ऑर्डरचा रिफंड आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका." नावं, पत्ते, कोणी किती किलो घेतला, सगळं त्यांना माहीत. यादी कोणी दिली हे मी सिद्ध करू शकत नाही, पण ती यादी होती कोणाकडे ते तुम्हीच ओळखा. ठाण्याच्या त्याच काकूंचे ४,९९९ गेले. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे मी आता प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घालून सांगते. काकूंना मी पैसे परत दिले, घेत नव्हत्या, मसाल्याच्या डब्यात घालून पाठवले.

यंदा भाच्याबरोबर बसून सगळं परत केलं, दोन रविवार लागले. आधी एक नवीन मेल आयडी काढला, त्याचा पासवर्ड आणि ओटीपी माझ्याच मोबाइलवर. डोमेन त्या मेलवरून, माझ्या नावाने, माझ्या कार्डाने, बिल माझ्या नावाचं. होस्टिंग तसंच. दुकान वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर), ते मुळात फुकटच असतं. गेटवेचं केवायसी मीच बसून केलं, रिफंडचे नियम, पत्ता, फोन नंबर साइटवर असल्याशिवाय ते मंजूर करत नाहीत, त्यात गेला वेळ तेवढाच, महिना वगैरे काही लागत नाही. कार्डावर साधारण २ टक्के, म्हणजे ९०० च्या पाकिटामागे साधारण १८ रुपये. आणि तो वेबसाइटवाला माझ्याकडून ३६ घेत होता, यूपीआयवर पण, जिथे एमडीआर (दुकानदाराला व्यवहारावर लागणारा चार्ज) जानेवारी २०२० पासून शून्य आहे (काही गेटवे स्वतःची फी लावतात, विचारून घ्या). पैसे घेताना आता आमचंच नाव दिसतं, आईंनी स्वतः एक रुपया भरून बघितलं.

डिझाइनला कोणाला तरी बोलवा, मी पण बोलावणार आहे, ही साइट दिसायला अगदीच साधी झालीय. पण त्याला वेगळं लॉगिन बनवून द्या, काम झालं की काढून टाका. आणि ऑर्डरींची यादी दर आठवड्याला उतरवून स्वतःकडे ठेवा. मी तर वहीतच ठेवते.

एक राहिलं. वेबसाइटच्या जुन्या पत्त्याचे २,००० स्टिकर छापून ठेवले होते, ते फेकायला आई तयार नाहीत, त्यावर नवीन पत्त्याचं छोटं स्टिकर त्या स्वतः चिकटवत बसतात, चष्मा नाकावर ठेवून, रोज शंभर. तुमच्याकडे आमचं पाकीट आलं आणि स्टिकरखाली दुसरं स्टिकर दिसलं तर ते खरवडू नका, खालच्या पत्त्यावर ऑर्डर टाकू नका. तो पत्ता अजून त्याच्याच नावावर आहे.